येते हं

१

पाणी गेलं की अख्खं शहर धाकटीच्या आईच्या नावानं खडे फोडायचं.

ती धाकटीची आई आहे हे शहराला ठाऊक नव्हतं. शहराच्या लेखी ती पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार-लाइनवरची बाई. "पाणी न आल्याची तक्रार करण्यासाठी एक दाबा. गढूळ पाण्याच्या तक्रारीसाठी दोन दाबा." एक दाबलं की ती आणखी पर्याय सांगायची, त्यातला एखादा दाबला की त्याच्याही पोटातले पर्याय, आणि आता तरी माणूस भेटेल म्हणून कान टवकारावेत तर, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." मग ती रडकी धून. मग पुन्हा प्रतीक्षा करा. चुकून गालानं एखादं बटण दाबलं गेलं तर थेट पहिल्यापासून.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आवाज तेवढा अजून नोकरीत होता.

आणि त्याला नोकरीवरून काढायचं काम आता धाकटीकडे आलं होतं. आलं म्हणजे, तिनंच ते मागून घेतलं होतं. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून तिचं एकच म्हणणं: माणसाला यंत्रापुढे ताटकळत ठेवणं हा अपमान आहे आणि तो सॉफ्टवेअरवाल्यांनीच निस्तरला पाहिजे. तिच्या कंपनीला हे काम मिळालं त्या दिवशी ती मॅडमच्या केबिनमध्ये न बोलावता घुसली.

"हे मला द्या. त्या लाइनवर म्हाताऱ्या बायका तासन् तास उभ्या असतात हो, रिकामी बादली घेऊन."

"फोन करताना बादली कशाला घेतील?" मॅडम म्हणाल्या. पण काम तिलाच दिलं.

जुनं यंत्र कार्यालयाच्या जिन्याखालच्या खोलीत होतं. वरून कुणी उतरलं की छतावर धप धप व्हायचं आणि यंत्रावरची धूळ हलायची. यंत्राची देखभाल बॅकअपकाकांकडे. कशाचाही बॅकअप घ्यायची त्यांना खोड होती, खिशात पेनं दोन, डब्यात चमचे दोन. यंत्राचा पासवर्ड फक्त त्यांनाच माहीत होता. तो टाकताना ते एका हातानं कीबोर्ड झाकायचे आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप करता करता प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे.

"तू आमच्या टायपिस्टबाईंची धाकटी ना?" पहिल्याच दिवशी त्यांनी ओळखलं, आणि तेव्हापासून तिचं घरातलं नाव कार्यालयातही चालू झालं. "तुझी आई वरच्या मजल्यावर बसायची. आवाजासाठी साहेबांनी अख्ख्या ऑफिसातून तिला निवडलं. म्हणाले, हिचा 'ळ' ऐका, कसा स्वच्छ आहे. नळाच्या पाण्यासारखा."

"नळाचं पाणी कुठं स्वच्छ असतं काका?"

"तेव्हा असायचं."

नव्या यंत्राचा आवाज संगणकानं बनवलेला होता. सगळं छान बोलायचा, फक्त 'ळ' त्याच्या जिभेवर चढायचा नाही. "तुमच्या नल-जोडणीचा क्रमांक सांगा." धाकटी त्याला सुधारायची, रात्रीतून कुठूनतरी अपडेट यायचा, सकाळी पुन्हा नल. "याला आधी बालवाडीत घाल," काका म्हणायचे.

कुणाला न विचारता तिनं एक गोष्ट मात्र केली होती. आईच्या आवाजाच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. घरातल्या कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या काळातले फोन केव्हाच मेले होते. आई म्हणून जो काही आवाज जगात शिल्लक होता तो एवढाच: एक दाबा, दोन दाबा, प्रतीक्षा करा.

२

नवं बांधायचं तर जुनं कुठून कुठं जातं ते कळायला हवं. म्हणून धाकटी दुपारच्या सुट्टीत, जिना शांत असताना, कानाला हेडफोन लावून लाइनवर फोन करायची आणि एकेका वाटेनं शेवटापर्यंत जाऊन यायची. कंटाळवाणं काम होतं. तिला त्याचा कंटाळा येत नव्हता, एवढंच.

त्या दुपारी ती गढूळ पाण्याच्या वाटेनं गेली. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." यानंतर धून सुरू व्हायच्या आधी श्वासाएवढी एक फट असायची.

त्या फटीत आई म्हणाली, "येते हं."

धाकटीचा हात बटणावरच राहिला.

हे वाक्य तक्रार-लाइनवरचं नव्हतंच. हे दारातलं वाक्य होतं. घराबाहेर पडताना 'जाते' कोण म्हणतं? सगळेच 'येते' म्हणतात आणि चालू लागतात. आईचं तसं नव्हतं. ती म्हणायची आणि उत्तरासाठी उंबऱ्यात थांबायची. आतून कुणीतरी "ये" म्हटल्याशिवाय तिचं पाऊल उचलायचं नाही. एकदा थोरली बहीण कॉलेजात, धाकटी झोपलेली, बाबा अंघोळीला. आई दारात. "येते हं." आत पाण्याचा आवाज. "अहो, येते हं!" शेवटी बाबा साबणाचे डोळे मिटून ओरडले, "ये गं बाई, ये एकदाची!" तोवर बस निघून गेली होती. ऑफिसात उशिराचं कारण काय सांगितलंस, असं संध्याकाळी बाबांनी विचारलं तर म्हणाली, "सांगितलं, घरची लाइन एंगेज होती."

धाकटीनं पुन्हा फोन लावला. पुन्हा गढूळ पाणी, पुन्हा प्रतीक्षा करा.

"येते हं."

या वेळी धून लगेच सुरू झाली नाही. फट लांबली. धाकटी रोज नाना तऱ्हेच्या शांतता ऐकायची: तुटलेल्या लाइनची, अडकलेल्या प्रोग्रॅमची, मुद्दाम म्यूट केलेल्या माणसाची. ही त्यातली नव्हती. पलीकडे कुणीतरी उभं होतं आणि काही ऐकायला मिळेल म्हणून थांबलं होतं.

मग धून लागली.

तिनं पेनड्राइव्हवरची फाइल उघडली. फाइल 'करा'पाशी संपत होती. त्यापुढे काहीही नव्हतं.

३

"त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" बॅकअपकाका म्हणाले. "रेकॉर्डिंगचे पुढचे-मागचे तुकडे कापून टाकलेले असतात. कापले म्हणजे पुसले असं थोडंच? डिस्कवर कुठंतरी पडलेले असणार. यंत्र म्हातारं झालं, कुठं थांबायचं ते विसरतं. मीही विसरतो."

हे पटण्यासारखं होतं. धाकटीला पटलं, आणि पटलं म्हणून आनंदसुद्धा झाला. कारण मग त्या डिस्कवर आणखी आई होती. एक दाबा म्हणणारी नाही, घरातली.

ते रेकॉर्डिंग तिला नीट आठवत होतं. कार्यालयात सदा ठोकाठोक, म्हणून साहेबांनी रेकॉर्डिंगचं यंत्र घरी पाठवलं होतं. आईनं लाकडी कपाट रिकामं केलं, आतून रजया लावल्या, बुटकं स्टूल ठेवलं आणि मायक्रोफोन घेऊन स्वतः आत जाऊन बसली. दुपारी, रस्ता सामसूम झाल्यावर. दार बोटभर उघडं. त्या फटीसमोर धाकटी जमिनीवर मांडी घालून बसायची, कारण बाहेर सोडली तर ती दंगा करायची. फटीतून आईचं बोट दिसायचं, ओठांवर उभं धरलेलं. मग आई एक लांब श्वास घ्यायची. तो ऐकला की धाकटी आपला श्वास रोखून धरायची आणि वाक्य संपेपर्यंत सोडायची नाही. "माझी साउंड इंजिनिअर," आई म्हणायची.

पुढचे दोन-तीन दिवस धाकटीनं डिस्कचा कोपरान् कोपरा उपसला. खरखर सापडली. जुन्या रजेचे अर्ज सापडले. आई सापडली नाही. फोन लावला की मात्र ती असायची, आणि दर वेळी फट थोडी आणखी लांब. मग एका खेपेला "येते हं" नंतर बिजागरी कुरकुरली. कपाटाचीच. ती कुरकुर धाकटीनं झोपेतही ओळखली असती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खुर्चीत पुढे सरकून ऐकत राहिली, आता आई बाहेर येईल, आता म्हणेल, सुट्टी गं साउंड इंजिनिअर.

कुरकुरीनंतर आवाज आला: टक्.

लहानसा, स्वच्छ आवाज. धाकटीला तो इतका ओळखीचा होता की त्यात काय चुकलंय हे लक्षात यायला क्षणभर वेळ लागला.

जुन्या घरातून फ्लॅटमध्ये येताना कपाटाचं दार फाकलं होतं. बंदच राहायचं नाही. म्हणून बाबांनी सुताराकडून आत लोहचुंबक बसवून घेतलं. दार लावलं की टक्. उघडलं की टक्. आई गेली तेव्हा ते लोहचुंबक कुठल्यातरी दुकानात पुडीत पडलेलं असेल, किंवा तेही नाही.

वरून कुणीतरी जिना उतरलं. धप धप धप. धाकटीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि ते टेबलावरसुद्धा तिला जवळ वाटले म्हणून खणात ठेवले.

४

बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून शेजारपाजारच्या मुलांच्या पेन्सिली तासून द्यायचे. धाकटीनं सगळं सांगितलं. लोहचुंबकाचं सांगितलं तेव्हा त्यांचा चाकू थांबला.

"टक् म्हणजे नवीन आहे," ते म्हणाले. "तेवढं मी ऐकलं नव्हतं."

"तेवढं म्हणजे?"

"मी रोज फोन करतो त्या लाइनवर."

"बाबा! आपल्याकडे पाणी चोवीस तास असतं."

"मग काय झालं? तक्रार करतो. दाब कमी आहे म्हणतो." त्यांना थोडं हसू आलं, लगेच गेलं. "प्रतीक्षा करा म्हणते ना, ते ऐकायला बरं वाटायचं. आपल्यालाच म्हणतेय असं. मग एक दिवस ते दुसरं ऐकू आलं. तेव्हापासून 'करा' म्हणाली रे म्हणाली की मी फोन ठेवतो."

"का पण?"

"ती थांबते ना तिथं. उत्तरासाठी."

"मग द्यायचं उत्तर! म्हणायचं, ये. दोन अक्षरं सुद्धा नाहीत त्यात, एकच आहे." धाकटीचा आवाज चढला. इतकी वर्षं एक बाई लाइनवर ताटकळतेय आणि हा माणूस फोन ठेवून देतोय. "तिला जायचंय बाबा. आपण ये म्हटल्याशिवाय ती कधी गेलीय का घरातून?"

बाबांनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली. "दवाखान्यात नेलं त्या दिवशी तुम्ही दोघी शाळा-कॉलेजात. मी तिचा दंड धरून उभा. गाडी खाली थांबलेली. तिनं उंबऱ्यातून मागे वळून बघितलं आणि रिकाम्या घराला म्हणाली, येते हं. मी म्हटलं, चल, उशीर होतोय."

फ्रिजची घरघर थांबली. तेवढंच काय ते घरात ऐकू येत होतं हे त्यामुळे कळलं.

"म्हणूनच सांगतेय," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "रविवारी लाइन बंद होणार. शेवटचा फोन करू, ये म्हणू, ती जाईल."

"आणि तिनं शब्द तसाच घेतला तर?"

"कसाच?"

"येते म्हणतेय ती, धाकटे. येते. आपण म्हणायचं, ये." बाबांनी तिच्याकडे बघितलं. "मग ती जाईल की येईल?"

धाकटी हसली. हसावं लागलंच. एवढा शिकलासवरलेला माणूस व्याकरणाला घाबरतोय. पण उठून आपल्या खोलीत गेली तेव्हा तिनं तिथल्या त्या कपाटाकडे पहिल्यांदाच निरखून बघितलं. दार बंद होतं. तिनं ते उगाचच तळव्यानं आणखी दाबलं.

५

रविवारची दुपार यासाठी ठरली, की तेव्हा लाइनवर गर्दी कमी. धाकटीनं घरूनच लॅपटॉपवरून सगळे फोन नव्या यंत्राकडे वळवायचे आणि तिचा निरोप मिळाला की बॅकअपकाकांनी जिन्याखालच्या खोलीत जुन्या यंत्राची वायर काढायची.

बाबा पायात चपला घालून दारात उभे राहिले. "मी खाली बाकावर बसतो. तू नुसतं बंद कर. काही बोलू नकोस."

"बघते."

"बघते नाही. हो म्हण."

"हो, बाबा. जा तुम्ही."

ते गेले. तिनं 'जा' म्हटलं हे तिच्या आणि बहुधा त्यांच्याही लक्षात आलं, पण जिन्यावरची पावलं थांबली नाहीत.

लॅपटॉप सुरू झाला तोच अपडेट मागत. पुढे ढकलला. लॉगिन केलं तर म्हणे, आपलं सत्र संपलं आहे. पुन्हा लॉगिन केलं तर फोनवर कोड पाठवलाय, आणि कोड येईना. आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. मग आपण यंत्र नाही हे सिद्ध करा: खालीलपैकी ज्या चित्रांत जिना आहे ती निवडा. धाकटीनं दात-ओठ खात जिने निवडले. एका चित्रात नुसतं अर्धवट उघडं दार होतं. ते जिन्यात धरायचं की नाही ते तिला कळेना. तिनं धरलं नाही. बरोबर निघालं.

फोन वळवण्याचं बटण समोर आलं. ते दाबलं की तक्रार-लाइनवर यापुढे कुणालाच आई ऐकू येणार नव्हती. काकांचा मेसेज आला: "बसलोय. काढू?"

"थोडं थांबा," तिनं लिहिलं.

घरात ऊन होतं. शेजारच्या इमारतीत कुणीतरी गादी झटकत होतं. भीती वाटावी असं काही म्हणजे काही नव्हतं. आणि एखाद्याला उत्तर न देता लाइन कापून टाकायची, हेच करायचं होतं तर तिच्यात आणि आजवरच्या सगळ्यांत फरक तो काय?

तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला आणि आपल्या खोलीत, कपाटाकडे पाठ करून, पलंगावर बसली.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

फट.

"येते हं."

आणि ती थांबली. कपड्यांची थोडी सळसळ. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतल्याची. उंबऱ्यात उभं राहून पाय अवघडल्यावर माणूस घेतो तसं.

धाकटीनं फोन तोंडाजवळ धरला. "ये," ती म्हणाली. "ये गं आई."

पलीकडे श्वास सोडल्यासारखं काहीतरी झालं. मग चपला. चट, चट, चट. एका लयीत, घाई नसलेल्या. पावलं दूर चाललीत की जवळ येताहेत, हे फोनवर कळत नाही. धाकटी कानात प्राण आणून ऐकत होती आणि तिला काही केल्या ते ठरवता येत नव्हतं. मग बिजागरी कुरकुरली. टक्. आणि त्यानंतर खरी, साधी, मेलेल्या लाइनची शांतता.

ती रडली. बऱ्याच वर्षांचं राहिलेलं रडली. मग नाक पुसून बटण दाबलं आणि काकांना लिहिलं, "काढा." लगेच उत्तर आलं: "काढली. सुटली बिचारी." खाली हात जोडल्याचं चित्र, दोनदा. एक बॅकअप.

नवी लाइन चालते का बघायला तिनं पुन्हा तोच नंबर लावला. "नमस्कार. तुमच्या नल-जोडणीचा क्रमांक सांगा." ती रडता रडता हसली आणि फोन बंद केला.

मागे आवाज आला: टक्.

६

फोन बंद होता. तिनं तो हातात धरला होता आणि त्याचा पडदा काळा होता. त्यात तिचा चेहरा दिसत होता आणि खांद्यामागे कपाटाची उभी कड.

फाकलंय दार, तिनं स्वतःला सांगितलं. लाकूड उन्हानं फुगतं. चुंबक जुनं झालं. हे सगळं खरं होतं. ती वळली.

दार बोटभर उघडं होतं. आत अंधार, लोंबणाऱ्या कपड्यांचा, नेहमीचा. तिच्या ओढण्या, बाबांचा जुना कोट. तिनं वरपासून बघत आणलं. उभं माणूस जिथं असेल तिथं काहीच नव्हतं, आणि हायसं वाटून ती नजर काढणार तोच तिला आठवलं की आई आत उभी नसायचीच. स्टुलावर बसायची.

तिनं नजर खाली आणली. बुटक्या स्टुलावर बसलेल्या माणसाचा चेहरा जिथं येईल, तिथं, फटीच्या कडेला, एक बोट उभं होतं.

नुसतं बोट. त्याच्यामागे ओठ असतील तर ते अंधारात होते.

तिच्या डोक्यात कितीतरी गोष्टी एकदम आल्या. ओरडावं. दिवा लावावा. काकांना फोन करून वायर पुन्हा जोडायला सांगावी. पण शरीरानं तिचं ऐकलं नाही. त्याला फार जुनी आज्ञा मिळाली होती. धाकटी पलंगावरून उतरली, फटीसमोर जमिनीवर गेली आणि मांडी घालून बसली. फरशी गार होती. आतून रजयांचा वास आला, डांबरगोळ्यांचा, त्या घराचा.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. "धाकटे?" बाबांचा आवाज. "झालं का गं? कुणाशी बोलतेयस?"

ती कुणाशीच बोलत नव्हती. बाबांच्या चपला खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. धाकटीनं मागे न बघता, हळूच, आपलं बोट ओठांवर ठेवलं.

कपाटातून एक लांब श्वास घेतल्याचा आवाज आला. बोलण्याआधी घेतात तसा.

धाकटीनं आपला रोखून धरला.